गॅस्केटच्या वरचे आणि गॅस्केटच्या खालचे

शेवटी काकांच्या हातात हँडल होतं आणि बाबा मरून पडले होते.

हे वाक्य चुकून पुढे आलं. विसरून जा. असं काहीही झालेलं नाही. सकाळ आहे, गॅरेजचं शटर वर आहे, बाबा ठणठणीत आहेत आणि काकांचा कान चावत आहेत.

कान डावा. उजवा मागच्या वर्षी टाके घालून बसवला होता, त्यामुळे बाबा त्याला तोंड लावत नाहीत. दुसऱ्याने नीट केलेल्या कामाला हात लावायचा नाही, ही त्यांची जुनी शिस्त. काका तेवढ्यात बाबांच्या बरगड्यांत गुडघा घालत होते, तोही मोजूनमापून, कारण खालून तिसरी बरगडी अजून भरून यायची होती. आई पायरीवर कपबशा घेऊन उभी होती.

"आधी चहा घ्या, मग एकमेकांना घ्या," ती म्हणाली.

दोघं सुटे झाले. बाबांनी थुंकून बघितलं, काकांचंच रक्त होतं, समाधान झालं.

भांडण नेहमीचंच, एका इंजिनाचं. गाडी दाताच्या डॉक्टरांची होती, आजोबांच्या वयाची. तिला स्टार्टर नव्हता. पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून फिरवायचं, नशिबात असेल तर इंजिन धरायचं. पण गरम झालं की ते खोकायचं, कार्बोरेटरमधून उलटी ज्वाळा टाकायचं आणि सायलेन्सरमधून असा बार काढायचं की समोरच्या बँकेचा वॉचमन एकदा पोटावर झोपला आणि त्याने चोर यायच्या आधीच बंदूक देऊन टाकली.

डॉक्टर आमच्याकडे काम देतात कारण आम्ही त्यांना काम देतो. बाबांच्या तोंडातले सहा दात त्यांनी बसवलेत, काकांचे पाच. सगळे एकमेकांनी पाडलेले. "तुमच्या घराण्यावर माझा बंगला उभा आहे," असं ते स्वतःच म्हणतात.

आता वाटणी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आजोबा गेल्यावर लोक जमीन वाटतात, घर वाटतात. आमच्यात भिंत घालण्याएवढी जागाच नव्हती म्हणून बाबांनी आणि काकांनी इंजिन वाटून घेतलं. इंजिनाचे दोन भाग असतात, वरचं डोकं आणि खालचं धड, आणि मधे एक पातळ पत्रा असतो, त्याला गॅस्केट म्हणतात. गॅस्केटच्या वर बाबांची हद्द: व्हॉल्व्ह, त्यांना ढकलणारे टॅपेट, सगळं उघडझाप खातं. गॅस्केटच्या खाली काकांची: पिस्टन, आणि ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे टायमिंग. जगातली कुठलीही गाडी दारात आली तरी हीच सीमारेषा. मी मागच्या लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, बसते. लेथ कुठल्याच इंजिनात नसतो, म्हणून मी तटस्थ राष्ट्र.

आणखी एक नियम होता, तो आजोबांच्या काळचा. काहीही फिरवण्याआधी त्यावर आपल्या रंगाची रेघ मारायची, म्हणजे जागा चुकली तर परत आणता येते. रेघ दोन्ही बाजूंवर जाते, स्क्रू फिरवला की मधे तुटते, आणि जेवढी तुटली तेवढं फिरवलं. बाबांचा रंग पिवळा, काकांचा पांढरा. त्यामुळे आमच्याकडून गेलेली इंजिनं वरून पिकलेली आणि खालून म्हातारी दिसतात.

आणि माझं खरं काम लेथ नव्हतं. माझं खरं काम दोघांना जिवंत ठेवणं. कारण एक मेला की दुसरा खुनाखाली आत जाणार, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. बाप आणि काका मला एकदमच मिळाले होते, आणि जायचे तेही एकदमच. सुटा भाग मिळत नव्हता.

चहा संपला.

"टायमिंग गेलंय," बाबा म्हणाले. "ठिणगी उशिरा पडते. आंधळ्यालाही कळेल."

"टायमिंगला हात लावलास तर हात उपटून देईन, दादा. तुझे टॅपेट आवळलेत. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह मिटत नाही, म्हणून आग उलटी येते. बहिऱ्यालाही ऐकू येईल."

"बारक्या, माझे टॅपेट आणि आवळलेले?"

"तुझा गळा सैल आहे अजून, तेवढंच नशीब."

यावर बाबांनी लाकडी हातोडा फेकला. काका वाकले आणि हातोडा माझ्या लेथच्या दिव्यावर बसला. काकांनी व्हॉल्व्हची स्प्रिंग फेकली, ती बाबांच्या कपाळावर आपटून परत काकांकडे आली, म्हणून त्यांना ती पुन्हा फेकता आली. मग काकांनी बाबांना टेबलावरच्या वाइसपाशी रेटलं आणि त्यांच्या मिशीचं एक टोक त्याच्या लोखंडी जबड्यात धरून वाइस आवळला. बाबा तसेच ओणवे उभे. मोकळ्या हाताने त्यांनी काकांच्या पायावर जॅक सोडला. काका लंगडत नाचले.

"चिमटे, वाइस सोडव," बाबा मला म्हणाले. मी सोडवला. मिशीला हिसका बसला होता, पण वाइसचे दात शाबूत होते, म्हणजे गंभीर काही नव्हतं.

"आता काम करा," मी म्हटलं. "डॉक्टर चारला येणार."

दोघं बॉनेटच्या दोन बाजूंनी आत वाकले, एकमेकांकडे पाठ करून. अर्धा तास नुसती पान्यांची कुरकुर. ती मी ऐकली. कोण काय करतंय ते काही पाहिलं नाही. माझा दिवा फुटलेला होता.

दुपारी जेवणं पाळीपाळीने. पूर्वी एकत्र बसत, पण एकदा काट्याने बाबांचा हात टेबलाला खिळवला गेला आणि टेबल आईच्या माहेरचं होतं. तेव्हापासून आधी बाबा जेवतात, मग काका, आणि मी दोघांबरोबर. माझ्या अंगाचं जे काही झालंय ते तटस्थतेमुळे झालंय. म्हणजे बाबा वर जेवत असताना खाली काका एकटे होते, आणि काका जेवत असताना बाबा एकटे. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

चारला डॉक्टर आले. पांढरा कोट, हातात गाडीची किल्ली, जिचा त्या गाडीत काही उपयोग नाही.

"झाली का?"

"यांची हद्द सोडून सगळी झाली," दोघं एकाच वेळी म्हणाले.

हँडल मारायचा मान थोरल्याचा. काका गाडीत बसून स्विच देणार. मी बादलीभर वाळू घेऊन कडेला, कारण ज्वाळा येते. डॉक्टर बॉनेटपाशी.

"दादा, नाही चालू झाली तर आज तुझा मुडदा पाडतो," काका आतून ओरडले. आमच्याकडे हे 'श्रीगणेशा'च्या जागी म्हणतात. डॉक्टरांना ते माहीत होतं, पण ते शपथेवर कसं सांगायचं ते माहीत नव्हतं.

बाबांनी हँडल वर ओढलं. इंजिन गिळल्यासारखं झालं आणि उलटं फिरलं. हँडल बाबांच्या हातातून झटक्याने खाली गेलं आणि मनगट मधेच राहिलं. कटकन आवाज आला. हात कोपरानंतर एक वळण जास्तीचं घेऊन लोंबू लागला.

डॉक्टर, ज्यांनी उभ्या आयुष्यात हजारो माणसांचे दात मुळासकट उपटले, ते पांढरे पडले आणि चक्कर येऊन टायरला टेकून बसले.

"उलटं मारलं!" काका खिडकीतून ओरडले. "दादा, थांब! हात लावू नको!"

"तुझ्या टायमिंगने मारलं!"

"थांब म्हणतो ना!"

थांबले असते तर ते बाबा कसले. मोडका हात त्यांनी शर्टाच्या दोन बटणांमधे खोचला, डाव्या हाताने हँडल धरलं आणि वर ताकद मिळेना म्हणून पुढे झुकले. काका दार उघडून धावत आले. बाबांनी ओढलं. बार झाला. हँडल गरगरत उलटं आलं, बाबांच्या जबड्यावर बसलं, त्यांना उचलून मागे टाकलं, आणि डोकं वाइसच्या कोपऱ्यावर आपटलं. सहा दात फरशीवर सांडले. डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी बसवलेले.

हँडल निसटून काकांच्या पायाशी आलं. काकांनी ते उचललं. का उचललं हे मला पोलिसांच्या साहेबांनी नंतर बावीस वेळा विचारलं. आमच्याकडे खाली पडलेलं हत्यार उचलून ठेवतात, एवढंच. डॉक्टरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना जे दिसलं ते वर पहिल्याच ओळीत आहे.

"दादा," काका म्हणाले. "ऊठ. तुझी पाळी झाली. आता माझी आहे."

बाबा उठले नाहीत. काकांनी त्यांना लाथ मारली, हळू, कमरेत, रोज उठवायला मारतात तशी. मग दुसरी मारली, तीही डॉक्टरांनी बघितली. मग काका खाली बसले आणि बाबांचं डोकं मांडीवर घेऊन स्वतःच्या तोंडात मारू लागले, डाव्या-उजव्या, इतक्या जोरात की त्यांचाही एक दात पडला. पाचचे चार झाले. मी वाळूची बादली धरून उभी होते. कुठेही आग लागली नव्हती.

साहेब आले. ते जाड, शांत, पेन चावणारे. त्यांनी हँडल जप्त केलं, डॉक्टरांचा जबाब घेतला: धमकी ऐकली, हँडल पाहिलं, लाथा पाहिल्या. गल्लीने भर घातली. बेकरीवाल्याने वाइसची गोष्ट सांगितली, बँकेच्या वॉचमनने बंदूक परत मागितली.

"साहेब, इंजिनाने मारलं," मी म्हटलं. "ठिणगी फार आधी पडली. पिस्टन वर येतोय तोवरच स्फोट झाला, त्याने पिस्टन खाली ढकलला, हँडल उलटं आलं. मी डोळ्यांनी पाहिलं."

"तू पुतणी ना?"

"हो."

"आणि मयताची मुलगी?"

"हो."

"म्हणजे घरची साक्षीदार, ती पण दोन्हीकडून." त्यांनी पेन तोंडातून काढलं. "बाई, माझ्या नोकरीत मी भावाने मारलेले भाऊ पाहिलेत. इंजिनाने मारलेला भाऊ नाही पाहिला. इंजिनाला अटक कशी करू?"

"तपासा तरी."

"तूच तपास. तुझंच गॅरेज आहे आता."

तर मी तपासलं. त्याच रात्री बाबांना पोचवून आले, हात धुतले, बॉनेट उघडलं. पहिल्यांदाच दोन्ही हद्दींत एकटी. परवाना विचारायला कोणी नाही. आई पायरीवर बसून बघत होती.

आधी टॅपेट. टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मधे एका पातळ पत्तीएवढी फट लागते. पत्ती जाते तेवढीच, जास्त नाही. मी पत्ती घातली, ती हलत राहिली. दुसरी घातली, तीही गेली. प्रत्येक टॅपेट दुप्पट सैल. बाबांचं काम असं नसतं. पत्त्यांचा जुडगा तर त्यांच्या खिशातच असायचा, तो मी हॉस्पिटलमधून आणला होता. मग स्क्रूवरच्या रेघा बघितल्या. पिवळ्या शेकड्याने होत्या, पण प्रत्येक स्क्रूवर एक ओली होती, बोटाला लागली. म्हणजे त्या सकाळी बाबांनी टॅपेट सैल केले होते. बरोब्बर एका पत्तीने. तोंडाने 'टायमिंग, टायमिंग' ओरडत होते आणि पाठ करून स्वतःची चूक दुरुस्त करत होते.

प्रत्येक ओल्या पिवळीच्या शेजारी एक ओली पांढरी रेघ होती.

बाबांच्या हद्दीत पांढरा रंग मी जन्मात पाहिला नव्हता. काकांनी दुपारी, बाबा वर जेवत असताना, येऊन प्रत्येक टॅपेट आणखी सैल केला होता. अंदाजाने, कारण पत्त्या बाबांच्या खिशात. दादा काही मान्य करणार नाही, म्हणून मीच करून टाकतो, असा विचार.

पुढचं मी खाली बसून केलं. डिस्ट्रिब्युटर. काकांच्या पांढऱ्या रेघांचं जंगल, त्यात एक ओली. ती तुटून बोटभर लांब गेली होती. आणि तिच्याखाली ओली पिवळी, अर्धं बोट तुटलेली. म्हणजे काकांनीही सकाळी आपली चूक गुपचूप मान्य करून ठिणगी लवकर केली होती, अर्धं बोट, ठिणगी तपासायचा दिवा लावून, मापात. आणि काका जेवायला गेल्यावर बाबांनी त्या दिव्याशिवाय तेवढीच आणखी लवकर केली होती. बारक्या काही ऐकणार नाही, म्हणून.

दोघांचं निदान बरोबर होतं. टॅपेट आवळलेले होते आणि टायमिंगही गेलं होतं. दोघांनी एकमेकांचं ऐकलं होतं. फक्त समोरचा आपलं ऐकेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, आणि त्यात एक जण गेला.

"काय निघालं?" आईने विचारलं.

मी सांगितलं. ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, "मेले बोलले असते तर फार तर दात गेले असते, जीव नाही."

मी सगळ्याचे फोटो काढले आणि कोठडीवर गेले. मनात आनंदच होता, खोटं कशाला बोलू. बाप गेला होता, पण काकाला बाहेर काढायचा पाना हातात होता.

काका कोपऱ्यात बसले होते. दुसऱ्या कैद्याचा डोळा सुजलेला होता.

"हा डोळा कोणी सुजवला?"

"तो म्हणाला, तुझा भाऊ बरा माणूस नसणार. म्हणून."

मी फोटो दाखवले. आधी टॅपेटचा. काकांनी गजांतून मान पुढे काढली.

"ही पिवळी ओली?"

"ओली. सकाळची. तुम्ही म्हणालात तसंच त्यांनी केलं होतं. एक पत्ती."

"दादाने माझं ऐकलं?"

"हो."

"आणि मग मी परत सैल केले."

"हो. पण काका, त्याने कोणी मरत नाही, नुसती खडखड होते. हा बघा, डिस्ट्रिब्युटर. ही तुमची रेघ, ही बाबांची. तुमची एकटीची असती तर गाडी सुरळीत चालू झाली असती. त्यांनी वर आणखी फिरवलं. म्हणून हँडल उलटं आलं. हा पुरावा आहे. तुम्ही सुटलात!"

काका फोटोकडे बघत राहिले. मग त्यांनी गजावर कपाळ आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रक्त आलं. मी त्यांची कॉलर पकडली, पण मधे गज होते.

"साहेब!" ते ओरडले. "ओ साहेब! लिहून घ्या! मी मारला!"

"काका, गप्प बसा!"

"मी सकाळी फिरवला तेव्हा तोंडाने सांगितलं का? 'दादा, चुकलं माझं, टायमिंगच गेलं होतं.' सहा शब्द! सांगितले असते तर त्याने हात लावला असता?"

"मग त्यांनी तरी कुठे सांगितलं?"

"तो थोरला आहे!" काका गरजले. "थोरला का सांगेल? धाकट्याने सांगायचं असतं!"

साहेब पेन चावत आले, सुजलेला कैदी उठून बसला, आणि काकांनी रक्ताळलेल्या कपाळाने खुनाची कबुली दिली. हत्यार: अर्धं बोट टायमिंग. साहेबांना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी 'हँडलने मारले' एवढंच लिहिलं, आणि काकांनी न वाचता सही केली. मी त्यांना गजांतून चिमटा काढला, चांगला पिळून, दंड काळानिळा होईपर्यंत. ते हसले.

"चिमटे, सोडव ते इंजिन. गिऱ्हाइकाची गाडी आहे. टॅपेट तू कर, टायमिंग मी सांगतो तसं कर."

"तुम्ही बाहेर या आणि स्वतः करा."

"मी खुनी आहे. खुन्याने स्वतःचं काम स्वतः का करावं?"

वकील म्हणाले, कबुलीजबाब आला म्हणजे माझे फोटो अल्बममधे लावावेत. डॉक्टर म्हणाले, त्यांना वाईट वाटतं आणि बंगल्याचा वरचा मजला आता राहिला. म्हणून मी स्वतःच अर्ज केला आहे. तो असा:

मा. न्यायालयाच्या सेवेशी. अर्जदार ही मयताची मुलगी व आरोपीची पुतणी असून, तटस्थ आहे. सदर गाडीचा डिस्ट्रिब्युटर एकूण एक बोट फिरलेला असून त्यापैकी अर्धे बोट आरोपीने व अर्धे बोट मयताने फिरवले, हे सोबतच्या छायाचित्रांवरून स्पष्ट होते. सबब गुन्ह्याचे, व तदनुषंगाने शिक्षेचे, दोन समान हिस्से करण्यात यावेत. मयताचा हिस्सा मयताने जागेवरच पूर्ण भोगला आहे, असे समजण्यात यावे. आरोपीचा हिस्सा त्यास कारागृहात न देता राहत्या गॅरेजमध्ये देण्यात यावा व शिक्षेच्या संपूर्ण कालावधीत त्याने मयताच्या वाट्याचे, म्हणजे गॅस्केटच्या वरचे, सर्व काम करावे, प्रत्येक टॅपेट फिरवण्यापूर्वी काय करतो आहे ते मोठ्याने बोलून दाखवावे, आणि ते ऐकण्यासाठी न्यायालयाने मयतास समन्स काढून हजर ठेवावे, ही नम्र विनंती.